मुर्ध्याची हळदीची भिंत

मीरा-भाईंदरला चालले आहे म्हटल्यावर कराडात प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "कोण आजारी आहे?" आमच्याकडची माणसं तिकडे जातात ती कुणाच्या दवाखान्यासाठी, नाहीतर मुलाने घेतलेल्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला. नुसतं बघायला म्हणून कोणी जात नाही. मी एक जुनं गोदाम बघायला चालले आहे हे कळल्यावर माझ्या धाकट्या बहिणीने कपाळाला हात लावला. "इथली गोदामं संपली का?" म्हणत तिने माझ्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी कोंबली. समुद्रकाठी जाताना ही चटणी कशाला, असं तिला विचारायची सोय नसते.

मी आर्किटेक्ट आहे, निदान पाटीवर तसं लिहिलेलं आहे. पोट भरतं ते लोकांच्या घरांवर दुसरे मजले चढवून आणि कंपाउंडच्या भिंती आखून. धड म्हणावं असं काम आयुष्यात एकदाच झालं. गुळाचं एक बंद पडलेलं गोदाम आमच्या पेठेतल्या लोकांनी मला हाताशी धरून वाचनालयासाठी नीट करून घेतलं. अजून तिथे उन्हाळ्यात मुंगळे येतात आणि म्हातारी माणसं पेपर वाचता वाचता झोपतात, त्यामुळे ते काम जमलं असं मी मानते. त्या एका गोदामाच्या जिवावर नलिनीने मला मुर्ध्याला बोलावलं.

नलिनी माझी होस्टेलमधली मैत्रीण. मूळची साताऱ्याची, लग्न करून मुर्ध्याच्या कोळ्यांत गेली. भाईंदरहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की खाडीच्या कडेला हे गाव आहे. तिथली मिठागरं बंद पडली, पण मीठ साठवायचं दगडी गोदाम उभं राहिलं होतं. ते गोदाम जुन्या वास्तूंची पाहणी करणारी एक समिती बघायला येणार होती. समितीने "जपण्याजोगी वास्तू" म्हटलं तर गोदाम राहणार आणि गावाला वापरायला मिळणार. नाही म्हटलं तर शेजारच्या प्लॉटबरोबर ती जागाही बिल्डरकडे जाणार. "तू ये आणि आमच्या बाजूने चार शब्द बोल," नलिनी फोनवर म्हणाली. "आमच्यातलं कुणी बोललं तर ते भांडण वाटतं."

मुर्धा

रिक्षा भाईंदरच्या गर्दीतून सुटली तशी एका बाजूला खारफुटी लागली आणि दुसऱ्या बाजूला साचलेल्या पाण्याचे चौकोन. ती जुनी मिठागरं. बगळे त्यात एकेका पायावर उभे होते, आणि त्यांच्या मागे क्षितिजभर इमारतींचे सांगाडे. आमच्याकडे क्षितिजावर डोंगर असतो, त्यामुळे नजर कुठेतरी टेकते. इथे ती टेकायला गेली की क्रेनला अडकत होती.

गावात शिरल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की कुठल्याच घराला अंगण उरलेलं नाही. जिथे अंगण होतं तिथे जिना आहे, जिन्यावर भाडेकरू आहेत, आणि दोन घरांच्या मधून एक माणूस तिरका होऊन जाईल एवढीच वाट. नलिनीचं घरही तसंच, तीन मजली, बाहेरून गुलाबी टाइल. त्यांना नावं ठेवायला मी कोण? दुसरे मजले चढवूनच तर मी जेवते.

नलिनीच्या सासूबाई हिरूबाई. घरात आणि गावात सगळे त्यांना आय म्हणतात. उंच, काळ्यासावळ्या, गुडघ्यांनी दगा दिलेल्या, पण आवाज असा की शेजारच्या राई गावात ऐकू जावा. माझी पिशवी हातातून घेत त्या म्हणाल्या, "नलूची मैतरीन ना तू? मंग मना आय म्हनाचं. आदी जेव, मंग गोदाम बगाला जा. उपाशी मानसाला काय बी चांगला दिसत न्हाय."

पानात तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण आणि सुक्या जवळ्याची चटणी. भाकरी म्हणजे ज्वारीची, हे माझं लहानपणापासूनचं मत त्या दुपारी गेलं. चिंबोरी फोडायला मात्र मला येईना. नांगीतून उडालेला रस्सा माझ्या चष्म्यावर बसला आणि आयची नात, म्हणजे नलिनीची पुतणी मयूरी, इतकी हसली की तिला ठसका लागला. या मयूरीचं लग्न ठरलं होतं आणि हळद त्याच गोदामात व्हायची होती, म्हणून नलिनीला घाई. मी आणलेली शेंगदाण्याची चटणी आयने बोटावर घेऊन चाखली आणि "गोड हाय गो" म्हणून बाजूला सारली. ती तर चांगली तिखट होती.

गोदाम गावाच्या टोकाला आहे. नलिनीचे धाकटे दीर जनार्दन मला ते दाखवायला आले. ते बांधकामाच्या सामानाचा धंदा करतात, गावातली निम्मी तरुण मंडळी आता याच धंद्यात आहेत. पूर्वी मीठ भरणारे हात आता टाइल आणि वाळू भरतात. जनार्दनने दार ढकललं आणि मी आत पाऊल टाकून जागच्या जागी थांबले.

बाहेर घाम निथळत होता आणि आत गारवा होता. हातभर जाडीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं, मधोमध सागाच्या खांबांच्या दोन रांगा. खांब मिठाने खाऊन खाऊन रेषारेषांचे झाले होते. फरशी दगडी, मधून बाहेरच्या बाजूला हलका उतार दिलेला, ओल्या मिठाचं पाणी वाहून जावं म्हणून. आत वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. कुणी सुके बोंबील निवडत होती, कुणी जाळ्याची गाठ मारत होती. एका कोपऱ्यात दहावीची दोन मुलं अभ्यास करत होती, दुसऱ्या कोपऱ्यात एक आजोबा आडवे झाले होते. पावसात प्रेतयात्रा निघाली की माणसं इथेच येऊन थांबतात, बारशाची भांडी इथेच घासतात, गावची भांडणं इथेच मिटवतात. अंगणं गेली तशी सगळ्या घरांची अंगणं मिळून या एका गोदामात येऊन राहिली होती.

आणि मागच्या भिंतीवर हात होते.

शेकडो हात. तळवे, पाच बोटं, काही मोठे, काही इतके लहान की ही पोर केवढीशी असेल असं मनात आलं. रंग विटकरी तांबडा. आय काठी टेकत आमच्या मागून आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. जुन्या काळी गावात सगळी कुडाची घरं, पक्की भिंत अशी ही एकच. तेव्हापासूनची रीत. हळदीच्या दिवशी नवरीचा मामा या भिंतीवर हातभर जागेला ओल्या चुन्याचा हात देतो आणि नवरी हळदीने भरलेले दोन्ही तळवे तिथे दाबते. हळद चुन्याला लागली की लाल होते. "मिठावर पोट हाय आमचं, म्हनून मिठाच्या भिंतीला साक्षी ठेवाचं," आय म्हणाल्या. मग वाकून त्यांनी खालच्या बाजूचे दोन फिकट तळवे दाखवले. "ये माजे." त्यांनी आपला हात त्यावर ठेवून बघितला. हात आता मोठा झाला होता.

मी बऱ्याच वास्तू पाहिल्या आहेत आणि बऱ्याच ठिकाणी भारावल्याचं सोंगही केलं आहे. तिथे सोंग करावं लागलं नाही. घरी परतताना मी नलिनीला एकटीला गाठून म्हटलं, "समितीला मी दुसरं काही दाखवणार नाही. त्या भिंतीसमोर उभं करणार आणि गप्प बसणार." बाकी कुणाजवळ मी भिंतीचा विषय काढला नाही. एखाद्या गोष्टीचं कौतुक केलं की आपल्याकडे लोक तिला हार घालतात आणि वर ट्यूबलाइट लावतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. भिंत आहे तशी राहावी एवढीच माझी इच्छा होती.

भाईंदर

समिती यायला अवकाश होता, म्हणून नलिनीने मला शहर दाखवायचं ठरवलं. शहर म्हणजे इमारतीच. मी मुद्दाम बघत होते की माणसं एकत्र कुठे जमतात. उत्तर सारखं एकच मिळत गेलं, पार्किंगमध्ये. इमारत खांबांवर उचललेली असते, खाली गाड्या लावायच्या असतात. सकाळी त्या जागेत म्हाताऱ्यांचा हास्यक्लब भरतो, दुपारी शिकवणी, संध्याकाळी पूजा, आणि कुणी गेलं तर सतरंजी टाकून दहावा. एका इमारतीत आम्ही गेलो तेव्हा एका खांबाला सत्यनारायणाची केळ बांधलेली होती आणि दुसऱ्या खांबाला कुणाच्या तरी स्कूटरची साखळी. पूजेला बसलेल्या यजमानांना गुरुजी मंत्र थांबवून सांगत होते, "तो पाट जरा डावीकडे घ्या, जोशींची गाडी येते आता."

मला आधी हसू आलं. मग वाटलं, ही माणसं कमालीची चिवट आहेत. त्यांना जमायला कुणी जागा दिली नाही तर ती गाड्यांच्या मधल्या फटीत जमतात. पण चिवटपणाचं कौतुक किती करायचं? शहर आखताना माणसं जमणार आहेत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि आपण मात्र त्यांच्या जमण्यावर लेख लिहितो. मीही लिहितेच आहे.

परतताना रिक्षावाले काका जालन्याकडचे निघाले. आमचं बोलणं ऐकून ते नलिनीला म्हणाले, "ताई, आमचा विहार दाखवू का? वाटेतच आहे." बघितलं तर दुकानाचा गाळा. शटर अर्धं वर, आत बुद्धाची मूर्ती बसवायचा ओटा रिकामा, आणि बाजूला पुस्तकांची पोती.

"सकाळ-संध्याकाळ वंदना, दुपारी पोरांचा अभ्यास. वस्तीतली पोरं इथूनच शिकून नोकरीला लागली," काका म्हणाले. "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सोसायटीवाले बोलले, गाळा मिळेल पण शोरूमसाठीच मिळेल. मूर्ती माझ्या घरी नेऊन ठेवलीय. पुस्तकांना घरात जागा नाय."

"मग पोरं आता कुठे बसतात?" मी विचारलं.

"बसत नायत," ते म्हणाले आणि त्यांनी रिक्षाला किक मारली.

मला तेव्हा मुर्ध्याच्या गोदामातली ती अभ्यास करणारी दोन मुलं आठवली आणि जरा धीर आला. एक तरी जागा वाचेल, असं मी मनाशी म्हटलं.

डोंगरी

नलिनीची नणंद उत्तनजवळच्या डोंगरी गावात असते. तिने दोन दिवस राहायला बोलावलं. मुर्ध्यात दिवसभर पाहुण्यांची वर्दळ होती, तेव्हा जाऊन येऊ म्हटलं. बसने गेलो. वाटेत उत्तनच्या बाजूने वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांडी दिसायला लागल्या, बांबूंवर ओळीने लटकणारे मासे. वासाने माझं डोकं फिरलं. पोचल्यावर नणंदबाई म्हणाल्या, "उद्या परवा तुमाला वास यायचाच नाय." तसंच झालं.

डोंगरीत अजून काही घरांना ओटी आहे. लाकडी कठडा, त्यावर रेलून बसायची सवय, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला "जेवलांव का?" असं विचारायची पद्धत. आमच्याकडे कट्ट्यावर बसलेला माणूस येणाऱ्याजाणाऱ्याचं वरपासून खालपर्यंत निरीक्षण करतो आणि तो पुढे गेल्यावर मत देतो. इथे निदान आधी जेवणाचं विचारतात. पण बऱ्याच ओट्यांना आता लोखंडी जाळी लागली होती. जाळीच्या आड आजीबाई बसलेल्या दिसल्या. त्यांनी आतून हात हलवला, मी बाहेरून हलवला. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि मी पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी खडकांवर फिरायला गेले आणि शेवाळावरून घसरून सपशेल आडवी झाले. चप्पल समुद्राने नेली. कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला बसलेल्या बायकांनी मला उठवून बसवलं, साडी झटकली, आणि एकीने आपली चप्पल पुढे केली. "मना सवय हाय अनवानी," ती म्हणाली. ती चप्पल घालून मी घरी आले.

त्याच संध्याकाळी नलिनीला जनार्दनचा फोन आला. तिने तो मलाही ऐकवला. "वहिनी, ताईंना सांग, काय टेन्शन नाय घ्यायचं. आमी सगळे मिळून गोदामाची जरा साफसफाई करतोय. समिती खूश होऊन जाईल."

"बघ, गाव जागं झालं," नलिनी म्हणाली. मलाही बरं वाटलं. आमच्या गुळाच्या गोदामाच्या वेळी झाडू मारायला माणूस मिळत नव्हता. त्या रात्री मी शांत झोपले.

पुन्हा मुर्धा

समिती येणार त्या दिवशी सकाळी आम्ही परतलो. गोदामाच्या वाटेवर रांगोळ्या होत्या. दाराला झेंडूचं तोरण, बाहेर खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला पांढरं कापड आणि मागे गुलाबी बो. जनार्दन इस्त्रीच्या शर्टात उभे होते, डोळे जागरणाने लाल. "या ताई, या," म्हणत त्यांनी दार उघडलं.

आत लख्ख उजेड होता. भिंतींना खांद्यापर्यंत चकचकीत टाइल्स, त्यांच्यावर कमळं. टाइलच्या वर फिकट पिवळा ऑइलपेंट. सागाचे खांब चॉकलेटी रंगवलेले, वर वार्निश. दगडी फरशीवर पांढऱ्या लाद्या, उतार भरून सपाट केलेला. कौलांच्या खाली पीओपीचं छत आणि त्यात गोल गोल दिवे.

मी मागच्या भिंतीकडे गेले. तिथेही कमळं होती.

"गिलावा पकडत नव्हता ताई," जनार्दन माझ्या मागे येऊन सांगू लागले. "खारट भिंत ना. मंग पोरांनी सगळा छिन्नीने काढला, दगडापर्यंत. पाच टेम्पो राबिट निघालं, नुसता चुना-माती. कोणी टाइल दिली, कोणी रंग, मजुरी कोणीच घेतली नाय. बायका जेवण घेऊन यायच्या. दोन दिवस गाव झोपलं नाय."

बायका भिंतीला लागून उभ्या होत्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. जाळी नव्हती, मासे नव्हते, आडवे झालेले आजोबा नव्हते. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. त्या सगळ्या खूप थकलेल्या होत्या आणि खूप आनंदात होत्या. नलिनीने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. तिला सगळं कळलं होतं.

"छान झालंय ना?" मयूरीने विचारलं. मला रडू येत होतं. मी मान हलवली आणि पाणी मागितलं.

समितीची माणसं आली. प्रमुख होते ते पिकल्या केसांचे, मऊ बोलणारे गृहस्थ. ते उर्मट असते तर बरं झालं असतं, मला त्यांच्यावर ओरडता आलं असतं. शहाळं देऊन त्यांचं स्वागत झालं. आयने त्यांना ओवाळलं. ते आत आले, चपला काढून, आणि एकदा गोल फिरले. खांबावर बोटाने टकटक केली. छताकडे बघितलं. मागच्या भिंतीजवळ ते थांबलेसुद्धा नाहीत.

मी त्यांना बाजूला घेतलं आणि फोनमधले पहिल्या दिवशीचे फोटो दाखवले. भिंत, हात, खांबांच्या रेषा, फरशीचा उतार. ते बराच वेळ बघत राहिले. एका फोटोवर त्यांनी बोटांनी मोठं करून आयचे ते लहान तळवे पाहिले.

"हे कधीचं?"

"गेल्या आठवड्यातलं."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "मॅडम, फार वाईट झालं. पण मी आता जपा म्हणून लिहू काय? मूळ गिलावा नाही, फरशी नाही, लाकूड दिसत नाही. फोटोला दर्जा देता येत नाही. आणि हा हॉल..." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "हा हॉल कुठेही बांधता येतो, असंच वरचे म्हणतील."

"हा गिलावा नसला तरी माणसं आहेत," मी म्हटलं. "सबंध गावाला बसायला ही एकच जागा आहे. हे जपायचं नसतं का?"

"त्याचा रकाना आमच्याकडे नाही," ते म्हणाले. खरंच ओशाळून म्हणाले. मग त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, जनार्दनचं कौतुक केलं आणि गाडीत बसून गेले.

गाडी दिसेनाशी झाली तशी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. जनार्दनने पेढ्यांचा पुडा उघडला. मी सरळ सांगून टाकलं. गोड बोलून पळून जाण्याइतकी ताकद माझ्यात राहिली नव्हती. गोदाम वाचणार नाही, आणि ते जुनं राहिलं नाही म्हणून वाचणार नाही, असं मी सगळ्यांसमोर म्हटलं. भिंतीवरचे हात असते तर कदाचित वाचलं असतं, हेही म्हटलं.

जनार्दन पेढ्यांचा पुडा हातात धरून तसेच उभे राहिले. मग आय खुर्चीवरून काठीच्या आधाराने उठल्या. मागच्या भिंतीचा निर्णय त्यांचाच होता हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पोरं त्या भिंतीला हात लावायला कचरत होती, त्यांनीच लावा म्हणून सांगितलं होतं, असं जनार्दननेही नंतर सांगितलं.

"बाय, तुज्या घरी पावनं येतात तवा तू काय करतंस?" त्यांनी विचारलं.

"आवरते."

"दोरीवरची कापरं काडतंस ना? चादर बदलतंस ना?"

"हो."

"मंग आमी येगलं काय केलं? ती हातं आमची घरची गोष्ट. मोटी मान्सं येनार, त्यांना काय डागाची भिंत दाखवाची?" त्यांचा आवाज चढला. "आमी मलकं राहिलो असतो तं राखलं असतं, नि नीटनेटकं केलं तं पाडनार? कसली गो ही मान्सं? कोनाच्या घरी जाऊन बगतात ही?"

त्यांचं बरोबर होतं. त्या समितीवाल्या गृहस्थांचंही त्यांच्या जागी चूक नव्हतं, आणि एवढ्या सगळ्या बरोबर माणसांमुळे एक गाव बसायच्या जागेला मुकलं होतं. मी आयच्या पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

कराड

परत आल्यावर लोकांनी विचारलं, काय बघितलंस? मी बोंबलांच्या वलांडीचं सांगते, घसरून पडल्याचं सांगते, लोक हसतात. आमच्या वाचनालयात गेले की मी जुन्या गिलाव्याला हात लावून बघते आणि मला काहीच चांगलं वाटत नाही. हे टिकलं ते आमच्या शहाणपणाने टिकलं असं मी इतकी वर्षं समजत होते. रंगाला पैसे नव्हते आणि बघायला कुणी मोठा पाहुणा आला नाही, म्हणून ते टिकलं.

मयूरीच्या लग्नाला मला जाता आलं नाही. हळदीच्या दुसऱ्या दिवशी नलिनीचा फोन आला. गोदामाभोवती तोवर बिल्डरने पत्रे ठोकले होते आणि आत जायला बंदी होती. मग हळद कुठे केली, असं मी विचारलं.

"भाईंदरला. जनार्दनभावोजींच्या ओळखीच्या एका सोसायटीने पार्किंग दिलं," नलिनी म्हणाली. "सेक्रेटरी चांगला माणूस. गाड्या काढून दिल्या, पंखे लावून दिले. फक्त एवढंच म्हणाला, नवीन रंग दिलाय, भिंतींना आणि खांबांना काही लावू नका."

"मग?"

"मग काय. हळद लागली, गाणी झाली, नाच झाला. मयूरीचे हात भरले आणि ती उठून उभी राहिली. सवयीने सगळ्या बायका बाजूला झाल्या, तिला वाट करून दिली. मामा चुन्याचं डबडं घेऊन आला होता, आणि आल्यावर त्याच्या लक्षात आलं. पोरगी तशीच, दोन्ही हात पुढे धरून उभी. कुठे न्यायचं तिला, कुणाला सुचेना. बेंजोवालापण थांबला."

"मग हात?" मी विचारलं.

"शेवटी आयनीच तिला धरून नेलं. गाड्या धुवायचा नळ आहे ना तिथे, त्याच्याखाली तिचे हात धरले आणि धुऊन टाकले."